सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे जमीन तुमचीच झाली का? जमीन, घर, वारसा यांचे नेहमीचे प्रश्न

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आधी घेऊ. सातबाऱ्यावर माझं नाव आहे मग भाऊ किंवा बहीण कोर्टात कशी काय जाऊ शकते? जाऊ शकते. कारण सातबारा हा मालकीचा कागद नाहीच, तो महसूल खात्याचा रेकॉर्ड आहे. शेतसारा कोणाकडून घ्यायचा, जमीन कोण कसतंय, पीक काय, बोजा कोणाचा, हे सरकारला कळावं म्हणून तो ठेवलेला असतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ मध्ये कलम १५७ आहे, ते म्हणतं की नोंद खरी आहे असं धरून चालायचं पण फक्त उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे सातबारा पुरावा आहे, चांगला पुरावा आहे, पण तो हक्क जन्माला घालत नाही. सुप्रीम कोर्टाने हे इतक्या वेळा सांगितलंय की आता त्यात वादच राहिलेला नाही, फेरफार म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याची नोंद, ती झाल्याने मालकी मिळत नाही आणि फेरफार झाला नाही म्हणून मालकी जातही नाही.

मग मालकी येते कुठून? कोणीतरी वारलं आणि तुम्ही कायद्याने वारस ठरलात, किंवा जन्मानेच एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत हिस्सा मिळाला, किंवा नोंदणीकृत खरेदीखत झालं, बक्षीसपत्र झालं, मृत्युपत्र झालं, वाटणी झाली, कोर्टाचा हुकूमनामा झाला. एवढेच रस्ते आहेत, फार तर एक-दोन अजून. खाली जो कुठला प्रश्न येईल त्यात आधी हेच बघायचं, नाव कुठे लागलंय ते नंतर, हक्क कशाने आला ते आधी. घरपट्टीची पावती, लाईट बिल, ग्रामपंचायतीचा आठचा उतारा, सोसायटीचं मेंटेनन्स बिल, हे सगळं नाव लागण्याच्या प्रकारात मोडतं, नाव लागलेलं असतं एवढंच.

वारस नोंदीचं बघा. वडील गेले की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवायचं असं महसूल संहितेचं कलम १४९ सांगतं. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, पण आपल्याकडे काय होतं, दहा-दहा वर्षं कोणी जात नाही, मग कर्ज काढायचं असतं किंवा हायवेत जमीन जाते आणि मोबदल्याची नोटीस मेलेल्या माणसाच्या नावाने येते, तेव्हा सगळे धावतात. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज दिला की आधी वारस रजिस्टरला म्हणजे गाव नमुना सहा-क ला नोंद, मग फेरफार, मग सगळ्या हितसंबंधितांना नोटीस, पंधरा दिवस हरकतीसाठी, आणि कोणी हरकत घेतली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. हरकत आली तर ती तक्रारी नोंद होते, सुनावणी होते. निकाल पटला नाही तर साठ दिवसांत प्रांताकडे म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील. पण लक्षात घ्या, तहसीलला किंवा प्रांताकडे जिंकलात म्हणजे मालकी जिंकलात असं नाही. खरा वारस कोण, मृत्युपत्र खरं की खोटं, हे ठरवायचा अधिकार दिवाणी कोर्टाचा आहे. लोक महसुलात पंधरा वर्षं भांडतात, आयुक्तांपर्यंत जातात, आणि शेवटी तिथे एका ओळीत लिहून येतं की दिवाणी न्यायालयात दाद मागावी. मला विचाराल तर वाद खरंच मालकीचा असेल तर पहिल्या दिवसापासून दिवाणी वकील गाठा, तहसीलची हरकत सोबत चालू ठेवा.

जुन्या सातबाऱ्यावर एक भानगड हमखास सापडते. थोरल्या भावाचं नाव आणि पुढे एकुमॅ, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. आजोबा वारले तेव्हा सगळ्या पोरांची नावं लावत बसण्यापेक्षा थोरल्याचं नाव लावून मोकळे झाले. आता थोरल्याची मुलं म्हणतात आमच्या बापाच्या नावावर जमीन होती, चुलत्यांचा काय संबंध. संबंध आहे, एकुमॅ हा शब्दच सांगतो की तो सगळ्यांच्या वतीने नाव लावून बसला होता. तो मूळ फेरफार काढा, त्यात बहुतेक वेळा सगळ्या भावांची नावं लिहिलेली असतात. असाच प्रकार बहिणींचा, त्यांची नावं सातबाऱ्याच्या कब्जेदार रकान्यात न लावता इतर हक्काच्या रकान्यात टाकून द्यायचे. इतर हक्कात नाव आहे म्हणून तिचा हिस्सा कमी होत नाही. आणि अपाक म्हणजे अज्ञान पालनकर्ता, लहान मुलाच्या नावापुढे आईचं किंवा काकाचं नाव, तिथेही मालक तो मुलगाच असतो, पालनकर्ता नाही.

आता वारस कोण. हिंदू वारसा कायदा १९५६ हा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना लागू आहे. मुस्लिमांना त्यांचा वैयक्तिक कायदा, त्यात हिश्श्यांचं गणित पूर्ण वेगळं आणि मृत्युपत्राने साधारण एक तृतीयांशपेक्षा जास्त देता येत नाही. ख्रिश्चन आणि पारशी लोकांना भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५. मी इथे पहिल्याबद्दलच बोलतोय नाहीतर लेख संपणारच नाही.

पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर त्याची स्वतःची मिळकत वर्ग एकच्या वारसांना जाते. मुलगे, मुली, विधवा पत्नी आणि त्याची आई, सगळ्यांना सारखा हिस्सा. आधीच वारलेला मुलगा असेल तर त्याची बायको आणि मुलं मिळून त्या मुलाच्या जागी उभी राहतात. आधीच वारलेली मुलगी असेल तर तिची मुलं, पण जावयाला नाही. आणि वडील? वडील वर्ग एकमध्ये नाहीत, वर्ग दोनमध्ये आहेत. म्हणजे मुलगा वारला तर त्याच्या आईला हिस्सा आणि बापाला शून्य, जर वर्ग एकमधलं कोणीही असेल तर. हे वाचून अनेकांना धक्का बसतो पण कायदा असाच आहे.

वारलेल्याच्या आईचा हिस्सा लोक विसरतात आणि तिथेच पुढची भांडणं पेरली जातात. उदाहरण घ्या. वडील वारले, त्यांच्या स्वकमाईचं एक घर. मागे आई, दोन भाऊ, एक बहीण, आणि वडिलांची आई म्हणजे आजी हयात. लोक चार भाग करतात. कायद्याने पाच होतात, आजीला एक पंचमांश. वारस नोंदीत आजीचं नाव लावलं नाही तरी तो हिस्सा तिचाच. पुढे आजी वारली, मृत्युपत्र नाही, आजोबा आधीच गेलेले. मग तिचा तो पाचवा हिस्सा तिच्या सगळ्या मुलांना जाणार, म्हणजे काकांना एक भाग, आत्याला एक भाग, आणि तुमच्या वारलेल्या वडिलांचा एक भाग त्यांच्या मुलांना मिळून. बघा आता, तुमच्या वडिलांनी स्वतःच्या पगारातून घेतलेल्या घरात काका पंधरावा हिस्सा मागतोय आणि तो बरोबर आहे. हे टाळायचं असेल तर वडिलांनी मृत्युपत्र करणं किंवा आजी हयात असताना तिने राजीखुशीने नोंदणीकृत हक्कसोड देणं, एवढंच.

यानंतर सगळ्यात गोंधळाचा विषय, वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित. बोलताना आपण बापाकडून आलेलं सगळं वडिलोपार्जित म्हणतो. कायदा तसं म्हणत नाही. सुप्रीम कोर्टाने १९८६ मध्ये चंदर सेन प्रकरणात स्पष्ट केलं की १९५६ नंतर बाप वारल्यावर हिंदू वारसा कायद्याच्या कलम ८ प्रमाणे मुलाला जे मिळतं ते त्याचं स्वतःचं होतं, त्यात त्याच्या मुलांना जन्माने हक्क येत नाही. म्हणजे आजोबांनी स्वतः कमावलेली जमीन, आजोबा १९७५ ला वारले, वडिलांना आणि आत्या-काकांना वारसाने हिस्से मिळाले, तर वडिलांचा तो हिस्सा वडिलांचाच. ते विकू शकतात, मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात, मुलगा जन्माने हक्क सांगू शकत नाही. उलट पणजोबा-खापरपणजोबांपासून एकत्र कुटुंबात वाटणी न होता चालत आलेली जमीन असेल तर तिथे जन्माने हक्क, तिथे बाप हयात असतानाही मुलगा किंवा मुलगी वाटणीचा दावा लावू शकतात. म्हणून वकिलाकडे जाताना नुसता आजचा सातबारा घेऊन जाऊ नका, १९३० पासूनचे फेरफार, कडईपत्रक म्हणजे जमिनीच्या नोंदीचा जुना कागद, जुने पाहणी उतारे, जे मिळेल ते काढा, सगळा खेळ जमीन घरात कशी आली आणि कोण कधी वारलं यावर आहे.

याला जोडूनच, पेपरात जाहिरात देऊन मुलाला बेदखल केलं तर काय? काही नाही. त्या जाहिरातीने वडिलोपार्जित मिळकतीतला मुलाचा जन्मसिद्ध हक्क जात नाही, आणि स्वकष्टार्जित मिळकतीतही बाप मृत्युपत्र न करता वारला तर तो बेदखल मुलगा इतरांच्या बरोबरीने वारस होतो. ज्याला द्यायचं नाही त्याला वगळून मृत्युपत्र करा, जाहिरातीचे पैसे वाचतील.

मुलींचा हक्क. इथे तारखा महत्त्वाच्या. १९५६ पासून बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलगी वारस आहेच, त्याला कधीच बंदी नव्हती. प्रश्न होता एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतल्या जन्मजात हक्काचा. महाराष्ट्राने १९९४ मध्ये दुरुस्ती करून तो दिला पण तेव्हा आधीच लग्न झालेल्या मुलींना वगळलं. मग केंद्राची दुरुस्ती आली, ९ सप्टेंबर २००५ पासून लागू, त्यात लग्न झालं की नाही हा प्रश्नच ठेवला नाही. त्यानंतर पंधरा वर्षं कोर्टाकोर्टांत घोळ चालला की २००५ ला वडील जिवंत असायला हवेत का, २०१५ च्या एका निकालात हवेत असं आलं, आणि शेवटी ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींनी मिटवलं की हक्क जन्माने आहे, वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही. पण एक भिंत आहे, २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेली विक्री किंवा नोंदणीकृत वाटणी किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी उकरता येत नाही. भाऊ म्हणतात आमची तोंडी वाटणी १९९८ लाच झाली, तर ते कोर्ट सहजासहजी मानत नाही, तेव्हापासून वेगळे सातबारे, वेगळी खाती असा सरकारी कागदाचा भक्कम पुरावा लागतो, २००५ नंतर बसून तयार केलेला कागद चालत नाही.

राहतं घर असेल तर भावांनी वाटणी करेपर्यंत बहिणीने मागायची नाही अशी तरतूद पूर्वी होती, तीही २००५ ला काढून टाकली. आणि लग्नात खर्च केला, सोनं दिलं, म्हणून आता हिस्सा नाही, हा युक्तिवाद घरच्या बैठकीत कितीही जोरात चालला तरी कोर्टात त्याला काडीची किंमत नाही. हुंडा देणं-घेणं १९६१ पासून गुन्हाच आहे, तो दिला असं सांगून कोणाचा हक्क कसा काय जाईल?

हक्कसोडपत्राबद्दल नीट ऐका कारण इथे दोन्ही बाजू फसतात. बहिणीला हिस्सा सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलंच पाहिजे. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरी केली, गावातल्या चार लोकांच्या सह्या घेतल्या, याने स्थावर मिळकतीतला हक्क सुटत नाही. जवळच्या नात्यात वडिलोपार्जित मिळकतीच्या हक्कसोडीला मुद्रांक शुल्क काही शे रुपयांतच बसतं, त्यामुळे नोटरीचा शॉर्टकट मारायला कारणच नाही. हक्क फक्त सहहिस्सेदाराच्या लाभात सोडता येतो, शेजाऱ्याच्या नावे सोडला तर ती विक्री किंवा बक्षीस धरतात आणि शुल्क त्याप्रमाणे. आणि ताईंनो, एकदा नोंदवलं की नंतर मला माहीत नव्हतं, वारस नोंदीची सही आहे असं सांगून घेतलं, हे सिद्ध करणं फार जड जातं, सही करायच्या आधी कागदाचं शीर्षक तरी वाचाच. वारस नोंदीच्या अर्जावर सही करणं आणि हक्कसोडपत्रावर सही करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

बाईच्या नावावरच्या मिळकतीचा नियम वेगळा आहे. वारसा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे तिची मिळकत पूर्ण तिची, नवऱ्याची परवानगी वगैरे काही लागत नाही. ती मृत्युपत्र न करता वारली तर आधी मुलं आणि नवरा, ते कोणी नसतील तर नवऱ्याचे वारस, आणि त्यानंतर तिचे आईवडील. म्हणजे मूलबाळ नसलेली विधवा, नोकरी करून स्वतः फ्लॅट घेतलेला, आणि तो जातो दिराकडे, आई जिवंत असूनही आईकडे नाही. फक्त माहेरहून वारसाने आलेली मिळकत असेल आणि मूल नसेल तर ती वडिलांच्या वारसांकडे परत जाते. ज्या बाईला हे नको असेल तिने मृत्युपत्र करावं, खरं सांगायचं तर मृत्युपत्राची सगळ्यात जास्त गरज अशाच बायकांना आहे आणि तेच सगळ्यात कमी करतात.

दुसऱ्या बायकोचं थोडक्यात. पहिली बायको हयात आणि घटस्फोट नाही, तर दुसरं लग्न रद्दबातल, दुसरीला पत्नी म्हणून वारसा नाही. तिच्या मुलांना मात्र आहे, ती कायद्याने औरस धरतात आणि बापाच्या हिश्श्यात त्यांना वाटा मिळतो. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत बापाच्या वाट्याला जे आलं असतं त्यातही मिळतो, हे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने रेवणसिद्दप्पा प्रकरणात सांगितलं, पण काका-चुलत्यांच्या हिश्श्यात ती हात घालू शकत नाहीत.

मृत्युपत्र साध्या कागदावर होतं, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. सक्तीचं काय, तर करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या, ज्यांनी त्याला सही करताना पाहिलंय. वाद झाला तर निदान एका साक्षीदाराला कोर्टात उभं राहून सांगावं लागतं, म्हणून सत्तरीतल्या मित्राला साक्षीदार घेऊ नका, वयाने लहान आणि ज्याला त्या मृत्युपत्रातून काहीच मिळत नाही असा माणूस घ्या. नोंदवलेलं असलं तरी ते आपोआप खरं ठरत नाही, पण नोंदवलेलं बरं, हरवत नाही आणि नंतर तयार केलं असा आरोप टिकत नाही. एकापेक्षा जास्त असतील तर शेवटचं चालतं, मग आधीचं नोंदवलेलं आणि नंतरचं साध्या कागदावरचं असलं तरी. आणि वडिलोपार्जित मिळकत असेल तर मृत्युपत्राने फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो, सगळं शेत नाही.

नॉमिनीचा गैरसमज तर शहरात घरोघरी आहे. बाबांनी सोसायटीत माझं नॉमिनेशन केलं म्हणजे फ्लॅट माझा. नाही हो. नॉमिनी हा तात्पुरता सांभाळणारा, मालक वारसच. शेअर्सबद्दल सुप्रीम कोर्टाने हे डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं. विमा पॉलिसीबद्दल तर १९८३ लाच सांगितलं होतं, पण तिथे २०१५ मध्ये कायदा बदलला, आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर विम्याला हा जुना नियम सरसकट लावता येत नाही. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात २०१९ ला जी नवी कलमं आली त्यात तर सरळ लिहिलंय की नॉमिनीला तात्पुरता सभासद करायचं, आणि कायम सभासदत्व मृत्युपत्र, वारस दाखला किंवा कुटुंबातली व्यवस्था यावरून द्यायचं. सोसायटीच्या सेक्रेटरीलाही बऱ्याचदा हे माहीत नसतं, तो शेअर सर्टिफिकेटवर नॉमिनीचं नाव चढवून टाकतो आणि लोकांना वाटतं विषय संपला.

बक्षीसपत्र आणि म्हातारे आईवडील, याबद्दल मला जरा ठाम बोलायचंय. हयातीत मुलाच्या नावे घर करून देऊ नका, आणि द्यायचंच असेल तर सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात शब्दात लिहा. बक्षीसपत्र एकदा नोंदवून स्वीकारलं गेलं की मन बदललं म्हणून रद्द करता येत नाही, मृत्युपत्र शेवटच्या दिवसापर्यंत बदलता येतं, एवढा मोठा फरक आहे. ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा आहे, त्याच्या कलम २३ प्रमाणे सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत मुलाने सांभाळलं नाही तर प्राधिकरण परत करायला लावू शकतं, आपल्याकडे प्रांताकडे अर्ज करायचा असतो. २०२२ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने अट असायलाच हवी असं म्हटलं, जानेवारी २०२५ मध्ये कायद्याचा हेतू बघून म्हाताऱ्यांच्या बाजूने अर्थ लावा असं म्हटलं, पण कोर्टाच्या उदारपणावर कशाला राहायचं, एक ओळ जास्त टाइप होते फक्त.

विकत घेणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. साठेखत म्हणजे विकण्याचा करार, त्याने मालकी येत नाही, मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच. साठेखत करून समोरचा टाळाटाळ करत असेल तर ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांत दावा लावायचा, तारीख ठरलेली नसेल तर त्याने नकार दिल्याचं कळल्यापासून तीन वर्षं. कुलमुखत्यारपत्रावर, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणाऱ्या कागदावर, जमीन घेतली असं जे सांगतात त्यांच्यासाठी, सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०११ मध्ये सुरज लॅम्प प्रकरणात तो प्रकारच मोडीत काढला, नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, आणि मुखत्यारपत्र देणारा वारला की साधारणपणे ते संपतं. सर्च रिपोर्ट म्हणजे जुन्या व्यवहारांच्या तपासणीचा अहवाल तीस वर्षांचा घ्या, इंडेक्स टू म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा बघा, आणि घरातल्या बायकांची नावं सातबाऱ्यावर का नाहीत हे विचारा, ती नसणं हीच धोक्याची घंटा. अज्ञान मुलाच्या स्वतःच्या नावची मिळकत पालकाने कोर्टाच्या परवानगीशिवाय विकली असेल तर तो सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत ती रद्द करून मागू शकतो.

महाराष्ट्रात अजून एक खास गोष्ट आहे जी बाहेरच्यांना माहीत नसते. जमिनीवर दावा चालू असताना ती विकली तर घेणाऱ्याला निकाल बंधनकारक असतो हा नियम देशभर आहे, पण आपल्याकडे त्यासाठी दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते, वकील लोक त्याला लिस पेंडन्स नोंदवणं म्हणतात. ती नोंदवली नाही तर घेणारा म्हणू शकतो मला दाव्याचं काही माहीतच नव्हतं. वाटणीचा दावा लावलात तर त्याच आठवड्यात हे करून टाका.

भावाने त्याचा न वाटलेला हिस्सा परस्पर बाहेरच्याला विकला तर? वारसाने मिळालेल्या मिळकतीत बाकीच्या वर्ग एकच्या वारसांना तो हिस्सा आधी विकत घ्यायचा हक्क आहे, वारसा कायद्याच्या कलम २२ ने, आणि शेतजमिनीलाही तो लागतो असं २०१९ ला ठरलंय. राहत्या घरातला हिस्सा असेल तर तो बाहेरचा माणूस तुमच्यात येऊन राहायचा हट्ट करू शकत नाही, त्याला वाटणीचाच दावा लावावा लागतो.

बारा वर्षं कब्जा म्हणजे मालक, हे भाडेकरूंचं आवडतं वाक्य. भाडेकरू पन्नास वर्षं राहिला तरी मालक होत नाही कारण तो परवानगीने राहतोय. बारा वर्षांचा नियम कब्जा उघड, सलग आणि मालकाच्या हक्काला नाकारून असेल तर, आणि तो सिद्ध करायचं ओझं कब्जेवाल्यावर. सरकारी जमिनीला तीस वर्षं. भावाभावांत तर अजून कठीण, एक हिस्सेदार कसतो तो सगळ्यांच्या वतीने कसतो असंच कायदा धरतो, मी वीस वर्षं एकटाच कसतोय हे सांगून बहिणीचा हिस्सा जात नाही, तिला उघडपणे हाकलून, तुझा काही हक्क नाही असं सांगितल्यापासून घड्याळ चालू होतं. उलट तुम्हाला कोणी जबरदस्तीने कब्ज्यातून काढलं तर सहा महिन्यांत दावा लावा, मग मालकीच्या खोलात न जाता फक्त कब्जा कोणाचा होता एवढंच कोर्ट बघतं. वहिवाटीचा रस्ता किंवा पाण्याचा पाट अडवला तर तहसीलदाराकडे मामलेदार कोर्ट कायद्याखाली अर्ज, तोही सहा महिन्यांत.

आणि वाटणी करायची कशी. सगळ्यांचं एकमत असेल तर शेतजमिनीसाठी तहसीलदाराकडे महसूल संहितेच्या कलम ८५ चा अर्ज किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र. एकालाही मान्य नसेल किंवा कोणाचा हिस्सा किती यावरच भांडण असेल तर तहसीलदार काही करू शकत नाही, दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा. त्यात सगळे हिस्सेदार आणि सगळ्या मिळकती घालाव्या लागतात, एक आत्या राहिली किंवा एक गट नंबर सुटला की समोरचा वकील तेवढ्यावरच वर्षभर काढतो. कोर्ट आधी प्राथमिक हुकूमनाम्यात फक्त कोणाला किती हिस्सा हे ठरवतं. लोक पेढे वाटतात आणि दरखास्तच, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागणारा अर्जच, टाकत नाहीत. शेतसारा असलेली जमीन प्रत्यक्ष वाटायचं काम कोर्ट जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवतं, तिथून तहसील, तिथून भूमी अभिलेखचा मोजणीदार, आणि तो सरस-निरस बघून म्हणजे विहिरीकडची काळी जमीन आणि माळाकडची मुरमाड याचा ताळमेळ घालून तुकडे पाडतो. त्या दिवशी शेतावर स्वतः हजर राहा, रस्ता कोणाच्या बांधावरून ठेवला आणि विहिरीच्या पाण्याची पाळी वाटप तक्त्यात लिहिली की नाही हे तिथल्या तिथे बघा, कब्जा पावतीवर सही त्यानंतरच.